‘आलं का?’ ते ‘आलं!’

मी लहान असताना आमच्या कोथरूडच्या रेशन दुकानात रॉकेल कधी येईल, याचा नेम नसे. आई मला तासातासाने पिटाळायची. ‘काका, रॉकेल आलं का?’ ‘नाही रे.’ शेवटी काका एकदा म्हणाले, ‘इथंच बस. गाडी आली की सांगतो.’

वेबचा इतिहासही काहीसा असाच आहे. १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रे वाचता यावीत म्हणून. वाचकाने पान मागायचे, सर्व्हरने द्यायचे, की संबंध संपला. सर्व्हर आपणहून हाक मारू शकत नसे. क्रिकेटचा धावफलक हवा, तर पान पुन्हा पुन्हा मागवायचे.

१९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये सगळे पान न बदलता हवी तेवढीच माहिती मागवायची सोय आली. २००४ साली आलेल्या जीमेलने तिची ताकद दाखवली. पण हेही विचारणेच! मग ‘इथंच बस’ची युक्ती रुळली. सर्व्हरने लगेच ‘नाही’ न म्हणता बातमी येईपर्यंत प्रश्न धरून ठेवायचा. अखेर डिसेंबर २०११ मध्ये ‘वेबसॉकेट’चे मानक प्रसिद्ध झाले. त्यात एकदा झालेली जोडणी उघडी राहते आणि दोन्ही बाजूंना हवे तेव्हा बोलता येते.

म्हणजे प्रश्न सुटला का? मे २०२१ आठवा. १८ ते ४४ वयाच्या मंडळींना लसीसाठी कोविनवर नाव नोंदवायचे होते आणि लस तुटपुंजी होती. घरोघरी तरुण मुले मोबाइलवर तेच पान पुन्हा पुन्हा उघडत होती. जागा दिसताच सूचना देणाऱ्या सेवाही काही संगणकतज्ज्ञांनी काढल्या. ज्यांना त्या ठाऊक होत्या, त्यांना बातमी आधी कळे. ज्यांच्याकडे साधाच फोन होता, त्यांचे काय?

त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. गाडी आल्याचे मला सर्वांआधी कळले आणि आमचा डबा भरला. मागच्या रांगेतले कितीतरी डबे मात्र रिकामेच परतले.

हाक वेळेवर पोचवायला तंत्रज्ञान शिकले. पण हाकेने रॉकेल वाढत नाही. पहिली हाक कुणाला मारायची, हेही आपल्यालाच ठरवावे लागते.