माप, ताण आणि सोय : मोठ्या मापाच्या शेपवेअरचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वस्त्रेतिहासाच्या अभ्यासात राजवस्त्रे, विणकरी आणि कापडगिरण्या यांना मानाचे स्थान मिळाले. अंतर्वस्त्रांचा विषय मात्र संकोचामुळे बाजूला पडला. वास्तविक पोट, कंबर व मांड्या आवळून देहाला ठरावीक आकार देणाऱ्या वस्त्रांचा संबंध स्त्रीच्या आरोग्याशी आणि समाजाच्या सौंदर्यकल्पनांशी थेट येतो. कॉर्सेट, गर्डल आणि आजचे शेपवेअर ही या परंपरेतील तीन ठळक रूपे होत. त्यांतही स्थूल देहाच्या स्त्रीची अडचण दुहेरी असते. आकार देण्याची अपेक्षा तिच्याकडूनच अधिक केली जाते आणि तिच्या मापाचे वस्त्र मात्र सहज मिळत नाही. प्रस्तुत निबंधात युरोप व अमेरिकेतील या वस्त्रांच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे. सोय ही मुख्यतः धाग्याच्या लवचीकपणातून नव्हे, तर मापाच्या अचूकतेतून आली, असे त्यातून दिसून येते.

१. कॉर्सेट आणि सुधारकांची चळवळ

एकोणिसाव्या शतकातील कॉर्सेट देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्ट्या, पोलाद आणि जाड सुती कापड यांपासून बनत असे. पाठीमागची नाडी ओढून ते आवळले जाई. माप चुकले तरी नाडीने निभावता येत असे; परंतु त्याची किंमत देहाला मोजावी लागे. या प्रकाराविरुद्ध १८८१ मध्ये लंडनमध्ये ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ स्थापन झाली. स्त्रीच्या अंतर्वस्त्रांचे एकूण वजन ७ पौंडांहून, म्हणजे सुमारे ३.२ किलोंहून, अधिक असू नये, अशी या संस्थेची भूमिका होती. ही मर्यादा सुधारकांनी सुचविलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे प्रत्यक्ष भाराची कल्पना येते.

१९०० च्या सुमारास पॅरिसमधील वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या इनेस गाश-सारोत यांनी पोटावरील दाब कमी करणारे, पुढून सरळ असे कॉर्सेट पुरस्कृत केले. पुढे फॅशनने तेच इतके आवळले की छाती पुढे, नितंब मागे आणि कणा वाकलेला अशी देहाची ठेवण रूढ झाली. आरोग्याच्या नावाने आलेले वस्त्रही आकाराच्या हट्टापुढे टिकत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

२. मोजमापाचा आरंभ : लेन ब्रायंट

मोठ्या मापाच्या वस्त्रांच्या इतिहासात लीना हिमेलस्टाइन ब्रायंट यांचे कार्य निर्णायक ठरते. लिथुआनियातून अमेरिकेत आलेल्या या स्त्रीला अकाली वैधव्य आले आणि शिवणकाम हाच चरितार्थाचा आधार उरला. १९०४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटले. बँकेच्या कागदावर ‘लीना’चे ‘लेन’ झाले आणि तेच नाव पेढीला कायम राहिले. गरोदर स्त्रियांच्या कपड्यांनी या व्यवसायाची भरभराट झाली.

त्यांचे दुसरे पती अल्बर्ट माल्सिन हे अभियंता होते. त्यांनी सुमारे ४,५०० ग्राहक स्त्रियांची मापे घेतली आणि विमा कंपनीकडील सुमारे २ लाख स्त्रियांची माहिती अभ्यासली. स्थूल स्त्रियांच्या देहाची ठेवण एकसारखी नसते, तिचे किमान तीन प्रकार पडतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. लहान मापाचा नमुना सर्व बाजूंनी सारखा वाढविला की मोठे माप तयार होते, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. १९२३ पर्यंत या पेढीत मोठ्या मापाच्या कपड्यांची विक्री गरोदरपणातील कपड्यांहून अधिक झाली होती.

३. लवचीक धाग्याचे युग

१९३० च्या दशकात रबराच्या गाभ्यावर सूत गुंडाळलेला ‘लास्टेक्स’ हा धागा बाजारात आला आणि ताणली जाणारी गर्डल रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील रबराचा पुरवठा तुटल्याने हा उद्योग अडचणीत आला. १९५८ मध्ये ड्यू पाँट कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी कृत्रिम लवचीक तंतू सिद्ध केला. ‘लायक्रा’ या नावाने तो सर्वत्र पोहोचला.

या तंतूने वस्त्राचे वजन घटविले, हे निर्विवाद आहे. तथापि ताणणारे वस्त्र कोणालाही बसते, असा भ्रमही त्यानेच निर्माण केला. २००० मध्ये अमेरिकेत ‘स्पँक्स’ ही कंपनी स्थापन करणाऱ्या सारा ब्लेकली यांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. खर्च वाचविण्यासाठी उत्पादक सर्व मापांच्या वस्त्रांना कंबरेचे इलॅस्टिक एकाच लांबीचे लावतात, असे आपल्याला आढळल्याचे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. म्हणजे कापड मोठ्या मापाचे, पण कंबरपट्टा लहान मापाचा! पूर्वी नाडी जे करीत असे, ते येथे इलॅस्टिक करीत होते.

४. प्रमाणित मापांचा उदय व अस्त

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. १९४१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. मात्र गौरेतर स्त्रियांची मापे अंतिम हिशेबातून वगळली गेली. प्रमाण म्हणून जो देह पुढे आला, तो सर्व स्त्रियांचा नव्हता. याच सामग्रीच्या आधारे १९५८ मध्ये ८ ते ३८ अशी प्रमाणित मापे जाहीर झाली. उंची आणि नितंबांचा घेर यांसाठी स्वतंत्र खुणा हे त्यांचे वैशिष्ट्य होते. उद्योगाने ती पूर्णतः स्वीकारली नाहीत आणि १९८३ मध्ये ती मागे घेण्यात आली. परिणामी चिठ्ठीवरील आकड्याचा अर्थ प्रत्येक कंपनीगणिक बदलू लागला.

५. चुकीच्या मापाचे परिणाम

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. मांडीच्या बाहेरील बाजूस संवेदना पुरविणारी चेता कंबरेजवळ दाबली गेल्यास तेथे बधिरता व जळजळ होते. स्थूलता आणि घट्ट कपडे ही दोन्ही तिची ज्ञात कारणे आहेत. याचा अर्थ, ज्या स्त्रीला घट्ट वस्त्र सुचविले जाते, तिलाच त्याचा धोका अधिक असतो. पोटावरील दाबाने आम्लपित्ताचा त्रासही वाढू शकतो.

कंबरेवरील दाबाची चर्चा भारतीय वैद्यकालाही नवी नाही. मुंबईच्या व्ही. आर. खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या गाठीच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी परकराच्या नाडीच्या जागी कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. असे रुग्ण अत्यंत विरळ आहेत आणि शेपवेअरशी त्यांचा थेट संबंध नाही. परंतु अरुंद पट्टी वर्षानुवर्षे एकाच जागी रुतणे अपायकारक ठरू शकते, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) चिठ्ठीवरील आकडा विश्वासार्ह नाही. कंबर व नितंब यांचा घेर टेपने मोजून तो त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही घेर भिन्न मापांत येत असल्यास मोठे माप निवडणे सोयीचे ठरते.

२) अधिक आकार मिळावा म्हणून एक माप लहान घेणे म्हणजे नाडी ओढण्याच्या जुन्या प्रथेकडे परतणे होय.

३) कंबरपट्टा रुंद असावा. तो बसल्यावर गुंडाळला जात असेल, मांडीवर खोल वळ उठत असतील किंवा श्वास अडत असेल, तर ते वस्त्र आपल्या मापाचे नाही. म्हणून उभे राहून, बसून आणि वाकून पाहिल्यावरच निवड करावी.

४) मध्यम ताणाचे, हवा खेळती ठेवणारे आणि मर्यादित काळ वापरावयाचे वस्त्र अधिक हितकर होय. मुंग्या किंवा बधिरता जाणवताच ते उतरवावे.

भारतीय देहांची मापे निश्चित करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या ‘इंडियासाइज’ या सर्वेक्षणात मुंबईचाही समावेश करण्यात आला. अमेरिकेतील १९४१ च्या अहवालाचा धडा येथे विसरता येणार नाही. ज्या स्त्रिया मोजल्याच जात नाहीत, त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांच्या मापाचे वस्त्र येते आणि ते न बसल्याचा दोष मात्र त्यांच्याच देहावर ठेवला जातो.