जावा सर्व्हर आणि नोंदी टिकवणारी डेटाबेस-जोडणी

उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले. पाट्या बदलता येतात. संगणकातील नोंदींचे तितके सोपे नसते. ज्या तक्त्यात जिल्ह्याचे नाव हीच नोंदीची ओळख, तेथे तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी आणि खुद्द धाराशिव या आठही तालुक्यांच्या ओळी बदलाव्या लागतात. ओळख म्हणून स्वतंत्र क्रमांक असल्यास एका ओळीतील नाव बदलून भागते. म्हणूनच प्रणाली सर्व्हरवर चढवण्यापूर्वी तिची डेटाबेस-जोडणी तपासणे अगत्याचे ठरते.

जावा प्रणालीत हे काम बहुधा ‘हायबरनेट’कडे असते. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये त्याचा आरंभ केला; २००६ मधील ‘जेपीए’ या प्रमाणित पद्धतीवर त्याची छाप स्पष्ट दिसते. डेटाबेसचा पत्ता, ड्रायव्हर, वापरकर्ता आणि पासवर्ड सांगितला की जोडणी होते. हे तपशील प्रणालीच्या फाइलीत न कोंबता टॉमकॅटसारख्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ठेवणे शहाणपणाचे. चाचणीची फाइल मग जशीच्या तशी प्रत्यक्ष वापरात नेता येते.

खरा धोका मात्र एका शब्दात असतो. तक्ते कसे तयार करावेत हे सांगणाऱ्या सेटिंगमध्ये ‘क्रिएट’ असल्यास प्रणाली सुरू होताना जुने तक्ते पुसले जाऊन रिकामे तक्ते उभे राहतात. ‘क्रिएट-ड्रॉप’ तर बंद होतानाही पुसते. सरावापुरती ही सोय उत्तम. पण प्रत्यक्ष वापरात वीज जाऊन आली आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की वर्षभराच्या नोंदी गेल्याच! ‘अपडेट’ नवे रकाने जोडते, परंतु रकान्याचे नाव बदलल्याचे त्याला उमगत नाही; जुना रकाना तसाच राहून शेजारी नवा, रिकामा रकाना येतो. त्यामुळे केवळ तपासणी करणारे ‘व्हॅलिडेट’ ठेवावे आणि बदल ‘फ्लायवे’सारख्या साधनाने क्रमवार करावेत.

मराठी नोंदींसाठी आणखी एक दक्षता हवी. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत लॅटिन अक्षरसंच गृहीत धरला जाई. अशा तक्त्यात ‘धाराशिव’ लिहिल्यास नोंद नाकारली जाते किंवा प्रश्नचिन्हे साठतात. त्यांतून मूळ नाव परत मिळत नाही. डेटाबेसची आवृत्ती बदलल्याने जुने तक्ते आपोआप यूटीएफ-८ होत नाहीत. आधी बॅकअप घेऊन ते स्वतंत्रपणे बदलून घ्यावे लागतात.