अन्नसुरक्षा मानकांचे सुसूत्रीकरण आणि महाराष्ट्राची द्राक्षनिर्यात

मुंबई बंदराला मानकांचा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला जाणाऱ्या गव्हाच्या करारांत ठरावीक टक्के माती-कचरा गृहीत धरलेला असे. निवडलेल्या गव्हास अधिक भाव मिळत नसल्याने स्वच्छ धान्यातही माती मिसळली जाई. 1915 मध्ये बॅलार्ड पिअर ते वडाळा अशी बंदराची स्वतःची रेल्वे सुरू होऊन माल थेट गोद्यांपर्यंत जाऊ लागला. त्याची प्रत ठरविण्याचा अधिकार मात्र पैलतीरावरील खरेदीदाराकडेच राहिला.

1995 मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर अस्तित्वात आलेल्या स्वच्छताविषयक करारान्वये सदस्य देशांनी कोडेक्स आयोगाच्या मानकांचा आधार घ्यावा असे ठरले. परंतु शास्त्रीय कारण देऊन अधिक कडक मर्यादा ठेवण्याची मुभाही त्याच करारात आहे. ही पळवाट नव्हे. तथापि तिचा भार निर्यातदार देशावर पडतो, हे द्राक्षांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

2003 मध्ये नेदरलँडमध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष आढळले. त्यानंतर अवशेष तपासणीची योजना आली आणि 2006 मध्ये ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ सुरू करून प्रत्येक पेटीचा माग नोंदणीकृत बागेपर्यंत नेला. 1 सप्टेंबर 2008 पासून युरोपीय संघात देशोदेशीच्या निरनिराळ्या मर्यादांऐवजी एकच यादी लागू झाली. निर्यातदाराचे काम त्यामुळे खरोखरच सोपे झाले, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या यादीतील एखादी नोंद नजरेतून सुटली, तर एका देशाचे नव्हे, सर्वच देशांचे दार बंद होणार होते.

2010 च्या हंगामात नेमके तेच घडले. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड (बागायतदारांच्या बोलीत ‘सीसीसी’) हे कीटकनाशक नव्हे, वाढनियंत्रक. त्यामुळे भारतीय तपासणीच्या यादीत ते नव्हते. युरोपची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 20 टन द्राक्षांत 1 ग्रॅम. येथील प्रयोगशाळांनी निर्दोष ठरविलेले कंटेनर तिकडे अडकले आणि बागायतदारांचे पैसेही. ज्याने नियमानुसार नोंदणी केली, तपासणी करून घेतली, त्यालाच फटका बसला. पुढे हे रसायन तपासणीत समाविष्ट झाले. औषध फवारण्यापूर्वी युरोपची यादी पाहणे निफाड-तासगावच्या बागायतदाराच्या नित्यकामात आले.