‘फोर्ज’ : घडण आणि बनावट

इंग्रजीतील ‘फोर्ज’ या क्रियापदाचे दोन अर्थ परस्परविरोधी भासतात : तापलेले लोखंड ठोकून घडविणे आणि खोटा दस्तऐवज तयार करणे. दोहोंचे मूळ मात्र एकच. लॅटिनमध्ये ‘फाबेर’ म्हणजे कारागीर व ‘फाब्रिका’ म्हणजे त्याची कार्यशाळा. ‘फाब्रिका’चे जुन्या फ्रेंचमध्ये ‘फोर्ज’ झाले व त्या वाटेने तो शब्द इंग्रजीत आला. चौदाव्या शतकातच त्याला खोटेपणाचा अर्थ जडलेला आढळतो. त्याच मुळातून थेट लॅटिनमार्गे आलेल्या ‘फॅब्रिकेट’नेही अठराव्या शतकात तीच दिशा घेतली. कौशल्य तेच, हेतू तेवढा निराळा. मराठीतील ‘बनविणे’ आणि ‘बनावट’ यांची गतीही अशीच आहे.

तथापि अर्थ जुळले म्हणून त्यांमागील कायदा जुळतोच असे नाही. कागदी पतव्यवहार वाढलेल्या इंग्लंडमध्ये १७२९ च्या कायद्याने बनावट दस्तऐवजासाठी देहदंड ठरविला. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने त्याच कायद्याचा आधार घेऊन, बनावट कर्जरोख्याच्या आरोपावरून, महाराजा नंदकुमार यांना दोषी ठरविले. ५ ऑगस्ट १७७५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. बनावट कागद बंगालला अपरिचित नव्हता. त्यासाठी देहदंड मात्र अपरिचित होता. तो कायदा तेथे लागू होता काय, हा वाद इतिहासकारांत दीर्घकाळ चालला. खुद्द इंग्लंडने ही शिक्षा १८३७ पर्यंत पूर्णतः रद्द केली. शब्दाचे भाषांतर झाले, तरी त्यामागील दंडव्यवस्थेचे भाषांतर आपोआप होत नाही, हेच या प्रकरणातून स्पष्ट होते.