मक्याच्या मुलखातील कथाशाळा



सुतारकाम शिकावे लागते, गाण्याला गुरू लागतो, याबद्दल आपल्याकडे कुणी वाद घालत नाही. पण गोष्ट लिहायला शिकवतात म्हटलं, की माणसे हसतात. "ते अंगातच असावं लागतं!" असे म्हणून विषय मिटवतात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने तो मिटू दिला नाही. त्याची ही हकीकत.

आयोवा म्हणजे मक्याचा आणि डुकरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. तेथील विद्यापीठाने १९२२ साली ठरवले, की वरच्या पदवीसाठी प्रबंधाऐवजी स्वतः रचलेले साहित्य दिले तरी चालेल. पुढे १९३६ साली विल्बर श्रॅम यांच्या हाताखाली 'रायटर्स वर्कशॉप' सुरू झाले. वर्कशॉप म्हणजे कामाची जागा, जिथे रंधा चालतो आणि भुसा पडतो. १९४१ पासून चोवीस वर्षे पॉल एंगल यांनी ते चालवले. हे गृहस्थ कवी, आणि घोड्यांच्या धंद्यातल्या माणसाचे चिरंजीव. देणग्या कशा मिळवाव्यात हे त्यांना पक्के ठाऊक होते. शीतयुद्धाच्या काळात रशियाचा बागुलबुवाही त्यांनी देणगीदारांना दाखवला.

महायुद्ध संपले. १९४४ च्या कायद्यामुळे परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येऊ लागले. गर्दी झाली, आणि वर्ग नदीकाठच्या पत्र्याच्या लष्करी बराकींत भरू लागले.

आता तिथली त्या काळातली रीत ऐका. ज्याची गोष्ट असेल त्याने ती आधी द्यायची. तिच्या सायक्लोस्टाईल प्रती सगळ्यांनी वाचून यायच्या. मग वर्गात चर्चा, आणि ती चालू असताना लेखकाने तोंड उघडायचे नाही! "मला असं म्हणायचं होतं" ही सबब तिथे चालत नसे. छापलेल्या गोष्टीबरोबर लेखक काही वाचकाच्या घरी जात नाही. बोलायचे ते नेमके. गोष्ट कोण सांगतो आहे? त्याला ठाऊक असणे शक्य नाही ते तो सांगतो का? सासू रागावली एवढेच लिहिले आहे, की तिने हातातला तांब्या आपटला? पहिली दोन पाने काढून टाकली तर काही बिघडेल का?

१९४५ साली दक्षिणेकडच्या जॉर्जियातून वीस वर्षांची एक मुलगी तिथे आली, फ्लॅनरी ओकॉनर. तिची बोली एंगलना समजेना. शेवटी त्यांनी कागद पुढे केला, काय म्हणतेस ते लिहून दे म्हणाले. वर्गात ती मागे गप्प बसे. तिच्या गोष्टी एंगल स्वतः वाचून दाखवीत. पण तिच्या पात्रांच्या तोंडची जॉर्जियाची बोली कायम राहिली, तिचे बळच ते. १९४७ साली ती पदवीधर झाली, १९६४ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, वारली. १९७२ साली तिच्या समग्र कथांना अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नवा प्राध्यापक असताना एका विद्यार्थ्याने मला गोष्ट दाखवली. तिच्यातला म्हातारा "म्या आलो व्हतो" असे बोलत होता. मी तांबड्या शाईने "मी आलो होतो" असे करून दिले. म्हातारा व्याकरणशुद्ध झाला आणि मेला. त्या मुलाने पुन्हा मला काही दाखवले नाही.

आयोवातही सगळेच गोड नव्हते. मेक्सिकन वंशाच्या, शिकागोतल्या गरीब वस्तीत वाढलेल्या सँड्रा सिस्नेरोस १९७८ साली तिथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. 'घर' या कल्पनेवर वर्गात चर्चा चालली असता त्यांना वाटले, की ही मंडळी बोलतात तसले घर आपण पाहिलेलेच नाही! मग आपल्या गल्लीतल्या भाषेत त्या लिहू लागल्या. त्यातून आलेले पुस्तक १९८४ साली छापले गेले आणि आज ते शाळांतून वाचले जाते. त्याचे श्रेय वर्गाला द्यायचे, की वर्गावरच्या रागाला? मला वाटतं, रागाला थोडे अधिक.

१९६७ साली एंगल आणि चिनी लेखिका न्ये ह्वालिंग यांनी परदेशी लेखकांसाठी तिथेच निराळा उपक्रम काढला. आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ त्यात होते.

गुरुजी, आपल्या शाळेत हे करून पाहायला बराक लागत नाही. चार-पाच मुले आणि एका गोष्टीच्या हाताने उतरलेल्या प्रती पुरतात. ज्याची गोष्ट, त्याला तेवढे गप्प बसवा. आणि तांबडी शाई त्या दिवशी खणातच राहू द्या.