गोव्याचा जनमत कौल, १९६७ : निकालानंतरची वीस वर्षे (थ्रेड)

१/ १६ जानेवारी १९६७. गोव्यातील मतदारांसमोर दोनच चिन्हे होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण; दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे अस्तित्व. तिसरा पर्याय नव्हता. पुढील वीस वर्षांच्या अनिश्चिततेचे मूळ इथेच आहे.

२/ १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपली. १९६३ च्या निवडणुकीत दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाची भूमिका घेऊन सत्तेवर आला. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचे म्हणणे असे, की एवढा मोठा निर्णय विधानसभेतील बहुमतावर सोडू नये. थेट लोकांना विचारावे.

३/ संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला. कौल निःपक्षपातीपणे घेतला जावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

४/ निकाल : दोन पाने १,७२,१९१, फूल १,३८,१७०. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले.

५/ आता खरा पेच पाहा. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि बांदोडकरच पुन्हा मुख्यमंत्री झाले! विलीनीकरण हरले, विलीनीकरणवादी पक्ष मात्र जिंकला. मग गोमंतकीयांना नेमके हवे तरी काय होते?

६/ मतपत्रिकेने ते विचारलेच नव्हते. गोवा स्वतंत्र घटक राज्य व्हावे का? कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली? दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांचीही या प्रश्नांवर एकच उत्तरे असतील, असे गृहीत धरता येत नाही.

७/ ही उत्तरे सावकाश आणि किंमत मोजून मिळाली. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. डिसेंबर १९८६ मध्ये राजभाषेच्या आंदोलनाला हिंसक वळण लागून माणसे दगावली. फेब्रुवारी १९८७ मध्ये देवनागरी कोकणी राजभाषा झाली. मराठीलाही शासकीय वापरात स्थान मिळाले. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले.

८/ तरीही रोमी लिपीत कोकणी लिहिणाऱ्या ख्रिस्ती समाजाची खंत उरली. विलीनीकरणाच्या विरोधात हिरिरीने उतरलेल्या या समाजाची लिपी राजभाषेच्या व्याख्येबाहेरच राहिली.

९/ म्हणून कोणताही जनमत कौल अभ्यासताना आकड्यांआधी मतपत्रिका वाचावी. तिच्यावर कोणते प्रश्न नव्हते, हे कळले की निकालानंतरचा गोंधळ उलगडू लागतो.