सोडला म्हणजे वाचला का?

सोलापूरला समुद्र नाही. शार्क आम्ही पाहिला तो टीव्हीवर. पण आमच्या भीमेत एक मासा आहे, ज्याला गळाचा शौक असलेले इंग्रज साहेब 'गोड्या पाण्यातला शार्क' म्हणत. तो म्हणजे शिवडा, शास्त्रीय नाव वॅलागो अट्टू. अंगावर खवले नाहीत, तोंड डोळ्यांच्याही मागेपर्यंत फाटलेलं, आत बारीक दातांच्या ओळी. लांबी दीड मीटरच्या वर जाऊ शकते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मामा आणि मी उजनीच्या काठावर असाच एक शिवडा गळाला लावला. अर्धा तास ओढाताण झाली. मग त्याला जबड्यात दोरी घालून लिंबाच्या फांदीला टांगलं, फोटो काढले आणि दया येऊन पाण्यात सोडलं. सकाळी तो काठाला पोट वर करून पडला होता.

"आपण सोडला होता ना? मग झालं," मामा म्हणाला.

ते 'मग झालं' माझ्या मनातून गेलं नाही. त्यापायीच मी मोठे मासे पकडण्याच्या छंदाचा इतिहास वाचायला लागलो.

या छंदात सुरक्षिततेचा अर्थ बराच काळ माणसापुरताच होता. मासा ओढताना माणूस बोटीतून पाण्यात जाऊ नये म्हणून खुर्ची आणि पट्टे आले. माशाचं मोजमाप मात्र वजनानं व्हायचं, तेही काट्याला टांगून. आपल्याकडे एच. एस. थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' 1873 साली आलं आणि महसीर हा साहेबांचा मानाचा मासा ठरला. 1946 मध्ये कर्नाटकातल्या कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी 120 पौंडांचा महसीर पकडला. 1959 मध्ये आल्फ्रेड डीन यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात सेडुनाजवळ 2,664 पौंडांचा, म्हणजे सुमारे 1,208 किलोचा ग्रेट व्हाइट शार्क गळानं काढला. त्याच ऑस्ट्रेलियात आज या शार्कला कायद्याचं संरक्षण आहे.

वळण आलं ते 1962 च्या सुमारास. अमेरिकेत जॅक केसी या शास्त्रज्ञानं हौशी गळवाल्यांनाच हाताशी धरलं: शार्क मारू नका, खूण लावून सोडा. खूण लावलेले काही निळे शार्क पुढे अटलांटिकच्या पलीकडे सापडले. सोडलेला मासा पहिल्यांदाच मेलेल्यापेक्षा जास्त काही सांगू लागला.

पण नुसतं सोडणं पुरत नाही, हेही हळूहळू कळत गेलं. फार वेळ झुंजवलेल्या माशाच्या रक्तात आम्ल साचतं. तो पोहत दूर जातो आणि नंतर मरतो. हातोड्यासारख्या डोक्याचा हॅमरहेड यात सर्वांत नाजूक. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो. पाण्याबाहेर ओढला की त्याच्याच वजनानं आतले अवयव दबतात. म्हणून आता जाड दोरा वापरून झुंज लवकर संपवतात आणि मासा पाण्यातच ठेवतात. सर्कल हुक हा आत वळलेला गळ पोटात न रुतता बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. गळ निघत नसेल तर कापायचा, ओढायचा नाही. फ्लोरिडा राज्यानं 2019 पासून किनाऱ्यावरून शार्क पकडणाऱ्यांना प्रशिक्षण आणि परवाना सक्तीचा केला. सर्कल हुक आणि कापायचं साधनही बंधनकारक झालं. भारतात तर व्हेल शार्कसारख्या काही जातींना 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना गळ लावायचा प्रश्नच नाही.

हे वाचताना आमचा शिवडा डोळ्यांसमोर येत राहिला. अर्धा तास झुंज, जबड्यावर सगळं वजन, कोरडे हात, फोटोसाठी थांबणं. प्रत्येक चूक आम्ही केली होती. आज ही जात जागतिक पातळीवर असुरक्षित गणली जाते.

गेल्या दिवाळीत मामाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पेटी उघडली, पक्कड घेतली आणि गळांचे उलटे काटे एकेक करून दाबून टाकले.

"फोटो पाण्यातच काढायचा मग," म्हणाला.